देऊळ नवे झाले, देवराईचे काय?

विजयादशमी जवळ आली की कोकणचा माणूस, तो मुंबईच्या चाळीत असो, डोंबिवलीच्या सदनिकेत असो अथवा पुण्याच्या कारखान्यात असो, मनाने आपल्या गावच्या वेशीवर जाऊन उभा राहतो. घाटावर दसरा हा शस्त्रपूजेचा, सीमोल्लंघनाचा आणि सोने लुटण्याचा सण आहे. सिंधुदुर्गात तो याखेरीज ग्रामदेवतेचा सण आहे. नऊ दिवस देवळात घट बसलेला असतो, सांजसकाळ नगारा झडत असतो. आणि दशमीच्या दिवशी अनेक गावी देवाची तरंगे लुगडी नेसून, रुप्याचे मुखवटे मिरवीत, ढोलताशांच्या गजरात देवळाबाहेर पडतात. घराच्या दारावर झेंडूच्या तोरणात नव्या भाताच्या लोंब्या डुलू लागतात. पेरले ते पिकले, देवाने राखण केली, आता पहिला घास त्याचा, हा या सणाचा भाव आहे.

अशा मंगल दिवसांत वैभववाडीच्या मुलखाकडे आमचे मन वळते, याला कारण आहे. सिंधुदुर्ग म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे मालवणचा किल्ला आणि माडांची रांग उभी राहते. परंतु वैभववाडी हा याच जिल्ह्याचा समुद्रापासून दूरचा, सह्याद्रीच्या पायथ्याशी बिलगलेला तालुका आहे. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरला की कोकणाचे पहिले दर्शन येथे घडते. येथे समुद्राची गाज ऐकू येत नाही. वाऱ्याने घुमणारे रान ऐकू येते. येथल्या श्रद्धेवरही या रानाची छाया आहे. येथला देव देवळात आहे, तसाच तो वडाच्या पारावर आहे, झऱ्याच्या उगमाशी आहे आणि शिवेवरच्या शेंदूर लावलेल्या पाषाणातही आहे.

अशा देवस्थानाला जाणे म्हणजे काय, हा आमचा आजचा विषय आहे. प्रश्न वरवर सोपा दिसतो. देवळात जावे, हात जोडावे, नारळ ठेवावा, ओटी भरावी आणि परतावे. सणाला गावी आलेली बहुतेक कुटुंबे हेच करतात आणि भक्तिभावाने करतात. गाडी देवळाच्या अंगणापर्यंत येते, दर्शन होते, देणगीची पावती फाडली जाते, छायाचित्र निघते. परंतु बरोबर आलेल्या नातवाने विचारले, की हा देव कोणता, याच्या बाजूचा तो दगड कोणाचा, त्या काठीला लुगडे का नेसवले आहे, तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. शहरातल्या मोठ्या देवालयांची आरती मुखोद्गत असलेल्या घरात स्वतःच्या कुळाच्या राखणदाराविषयी चार वाक्ये सांगणारे कोणी उरलेले नाही. दर्शन झाले, परंतु ओळख झाली नाही, अशी ही अवस्था आहे.

वास्तविक कोकणातील ग्रामदेवतेचे स्थान ही एक संपूर्ण रचना आहे. रवळनाथ, पावणाई, भूतनाथ, गांगो, वेतोबा, लिंगेश्वर अशी देवतांची नावे गावागणिक बदलतात. परंतु चौकट सर्वत्र ओळखीची असते. मुख्य देवाच्या भोवती त्याचा परिवार असतो. गावाच्या मूळ पुरुषाचे पूर्वस असते, ब्राह्मण स्थळ असते, शिवेची राखण करणारा राठी असतो. या प्रत्येकाचा दिवस ठरलेला, प्रत्येकाचा नैवेद्य ठरलेला. माणसांचीही तशीच वाटणी असते. पूजा गुरवाची, गाऱ्हाणे घाड्याचे, तरंग अमक्या घराण्याचे, मशाल तमक्याची. आणि या साऱ्यांना सामावून घेणारा तो बारा-पाचाचा मेळ. गाऱ्हाण्याच्या वेळी घाडी गावातल्या एकेका संकटाचा उच्चार करतो आणि जमलेला गाव एका आवाजात ‘होय महाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतो, त्या क्षणी प्रत्येकाचे दुःख साऱ्या गावाचे होते. पाषाणावर ओल्या पाकळ्या अथवा तांदूळ लावून कौल घेतात, तेव्हा गाव आपला निर्णय क्षणभर थांबवतो आणि आपल्यापेक्षा मोठ्या कोणाला तरी विचारतो. माणसाने एकट्याच्या मर्जीने वागू नये, ही शिकवण यात आहे.

वैभववाडी तालुक्यातीलच दोन उदाहरणे पाहावीत. नाधवडे गावी महादेवाच्या देवळापाशी जमिनीतून पाण्याचे उमाळे वर येतात, ते बारमाही वाहतात, आणि त्या पाण्याच्या आधारावर पुढे नापण्याचा धबधबा ऐन उन्हाळ्यातही कोसळत राहतो. जेथे भूमीने पाणी दिले तेथे पूर्वजांनी महादेव पाहिला. आणि महादेव आहे म्हणून ते पाणी कोणी नासू नये, अशी मर्यादा आपोआप पडली. भक्ती आणि पाणी यांची अशी सांगड आपल्या पूर्वजांनी कोणत्याही सरकारी योजनेवाचून घातली.

दुसरे उदाहरण शिराळे गावचे. गांगोच्या कौलाने या गावची गावपळण दरवर्षी होते. पौषात सारे गाव घरदार मिटून, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांसह शिवेबाहेर पडते आणि शेजारच्या सडुरे गावाच्या हद्दीत राहुट्या घालून राहते. तान्ह्या मुलापासून वृद्धांपर्यंत सर्व जण उघड्या माळावर येतात. गावात मागे कोणी राहत नाही. मग पुन्हा कौल होतो आणि गाव घरी परततो. मालवण तालुक्यात आचरे, चिंदर येथेही गावपळणीची रीत आहे, परंतु तेथे ती काही वर्षांच्या अंतराने येते. या प्रथेला कोणी अंधश्रद्धा म्हणेल, कोणी आरोग्याची युक्ती म्हणेल. आम्हांला त्यात दिसते ते असे, की वर्षातून काही दिवस माणूस ती भूमी मोकळी करून तिच्या धन्याच्या स्वाधीन करतो. श्रीमंताचा चिरेबंदी वाडा आणि गरिबाची झोपडी दोन्ही त्या दिवसांत सारखीच रिकामी असतात. ‘हे गाव आमचे आहे’ असे म्हणण्यापूर्वी ‘आम्ही या गावाच्या देवाचे आहोत’ असे म्हणण्याची ही रीत आहे.

या रचनेचा श्वास म्हणजे देवराई. देवाच्या नावाने राखलेले रान, ज्यातली काठी मोडायची नाही, ज्यात कुऱ्हाड न्यायची नाही, ज्यातला पालापाचोळाही घरी आणायचा नाही. मोडायची वेळच आली तर आधी कौल घ्यायचा. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून ती माहिती जगापुढे मांडली. भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी देवाच्या भयाने आणि प्रेमाने राखलेल्या या तुकड्यांत मूळचे अरण्य शिल्लक राहिले, हे त्यांतून दिसून आले. सह्याद्रीतील निवडक अरण्यांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु जगाने हा मान देण्याच्या कितीतरी आधी आपल्या अशिक्षित म्हटल्या जाणाऱ्या आजेपणजेंनी शेंदराच्या एका टिळ्याने तो दिलेला होता.

आता वाचकांस आम्ही थोडे दूर, पूर्वेच्या जपान देशात नेऊ इच्छितो. आपल्या दसऱ्याच्या सुमारास तेथेही भाताची कापणी होत असते आणि गावोगावच्या देवस्थानांचे शरद ऋतूतील उत्सव चालू असतात. त्या देशात बौद्ध धर्म पोहोचण्यापूर्वीपासून चालत आलेल्या श्रद्धेला शिंतो म्हणतात. तिला एक संस्थापक नाही, सर्वांना बांधणारा एक ग्रंथ नाही. डोंगर, झरा, प्राचीन वृक्ष, पूर्वज, धान्य यांतील दिव्य शक्तीला ते ‘कामी’ म्हणतात. प्रत्येक वस्तीचा आपला राखणदार कामी असतो आणि त्या परिसरातील कुटुंबे स्वतःला त्याची लेकरे मानतात. ‘जागेवाला’ आणि ‘राखणदार’ या शब्दांवर वाढलेल्या कोकणच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

अशा एखाद्या गावच्या देवस्थानी जाणारा माणूस काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. वेशीवर दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया अशी कमान असते. तिला तोरी म्हणतात. तिच्यापाशी तो किंचित वाकतो, कारण तेथून देवाची हद्द सुरू होते. वाटेच्या मध्यावरून तो चालत नाही. मधली वाट देवाची. पुढे दगडी कुंडावर पळीने पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा हात धुतो, चूळ भरतो. देवापुढे नाणे वाहून दोनदा वाकतो, दोनदा टाळी वाजवतो, मनातले बोलतो आणि पुन्हा एकदा वाकतो. जुन्या झाडाला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर बांधलेला असतो. त्यावरून हे झाड देवाचे आहे हे ओळखावे. उत्सवाच्या दिवशी देवाची पालखी तरुणांच्या खांद्यांवरून वस्तीत फिरते. नोव्हेंबरात तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नवे कपडे घालून देवाला भेटवण्यास आणतात. या प्रत्येक कृतीत काही शिकवलेले आहे आणि ते मूल आईबापांच्या शेजारी उभे राहून शिकते. शब्दांनी सांगण्याची गरज फारशी पडत नाही.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. साम्य दिसले की ‘हे सारे मूळचे आमचेच’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर जपानात गेली आणि तेथे बेंझायतेन या नावाने पुजली गेली, हे खरे. परंतु शिंतोचे कामी हे त्या भूमीतूनच उगवलेले आहेत. भेदही पुष्कळ आहेत. तेथे मृत्यूचे विटाळ देवस्थानाबाहेर ठेवतात आणि अंत्यविधी बहुधा बौद्ध मंदिरांकडे सोपवलेले असतात. आपल्याकडील वेदान्ताची, कर्मफलाची, मोक्षाची चर्चा तेथे नाही. आणि या श्रद्धेला राजसत्तेने आपल्या दावणीला बांधले, युद्धाच्या काळात तिचा शस्त्रासारखा वापर केला, ती व्यवस्था डिसेंबर १९४५ च्या आदेशाने संपुष्टात आली. म्हणून आपण तेथे आपले प्रतिबिंब पाहण्यासाठी जाऊ नये. आपल्यासारख्याच प्रश्नाला दुसऱ्या एका श्रद्धाळू समाजाने काय उत्तर दिले, एवढे पाहावे.

तो प्रश्न जीर्णोद्धाराचा आहे. जपानात इसे येथे सूर्यदेवता आमातेरासु आणि अन्नदेवता तोयोउके यांची दोन महास्थाने आहेत. ही देवळे लाकडाची आहेत आणि दर वीस वर्षांनी ती पूर्ण नवी बांधतात. शेजारी तेवढीच दुसरी जागा मोकळी राखलेली असते. तेथे तंतोतंत तसेच देऊळ उभारून रात्रीच्या अंधारात देवाला नव्या घरी नेतात. ही प्रथा इ. स. ६९० पासून सांगितली जाते. मध्यंतरी यादवीच्या काळात ती शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली, तरी पुन्हा उचलली गेली. २०१३ मध्ये बासष्टावे नूतनीकरण झाले; पुढचे २०३३ मध्ये व्हायचे आहे आणि त्याचे पहिले विधी २०२५ मध्येच सुरू झाले. तो पहिला विधी कोणता? डोंगराच्या देवाची प्रार्थना. झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी त्याच्या धन्याची अनुमती.

यात मर्म असे आहे, की इसे येथे इमारत टिकवण्याचा अट्टाहास नाही. वीस वर्षांच्या फेऱ्यामुळे सुताराने मुलाला, मुलाने नातवाला हात धरून काम शिकवावेच लागते. जुन्या देवळाचे खांब वाया जात नाहीत. मुख्य मंदिराचे खांब पुढे पुलाजवळच्या कमानीला लागतात. आणि लाकूड कोठून येणार, याची चिंता करून १९२० च्या दशकात देवस्थानाने आपल्या रानात दोनशे वर्षांच्या हिशेबाने वृक्षलागवड सुरू केली. लावणाऱ्याने ते झाड कापलेले पाहायचे नाही, त्याच्या नातवानेही नाही. देऊळ नवे करायचे तर रान आधी वाढवायचे, हा तेथील क्रम आहे.

याच देशाने उलटे पाऊलही टाकून पाहिले आहे. १९०६ मध्ये तेथील सरकारने लहान लहान देवस्थाने मोठ्यांत विलीन करण्याचे धोरण आखले. थोडी परंतु सुबक, मालमत्ता आणि पुजारी असलेली देवळे असावीत, हा हेतू वाईट म्हणता येत नाही. परंतु परिणाम भयंकर झाला. काही वर्षांत सुमारे सत्तर हजार देवस्थाने मिटली आणि त्यांच्या भोवतीची राने लाकडाच्या भावाने विकली गेली. मिए आणि वाकायामा प्रांतांवर हा घाव सर्वांत खोल बसला. वाकायामातील तानाबे या गावी मिनाकाता कुमागुसु नावाचा एक विक्षिप्त वाटणारा विद्वान राहत होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ज्ञानार्जन केलेला, रानातली बुरशी आणि लोककथा सारख्याच प्रेमाने गोळा करणारा. तो या धोरणाविरुद्ध उभा राहिला. देवाचे रान गेले की पाखरे जातात, किनाऱ्याची सावली गेली की मासळी जाते, एकत्र येण्याची जागा गेली की गावाचा एकोपा जातो, असे तो लिहीत राहिला. १९१० मध्ये त्याला अठरा दिवस कोठडीत काढावे लागले. अखेर १९२० मध्ये वरिष्ठ सभागृहाच्या ठरावाने ते धोरण मागे पडले. परंतु तोपर्यंत कितीतरी राने पडली होती. १९२९ मध्ये जपानच्या सम्राटाने तानाबेजवळच्या ज्या बेटावर कुमागुसुची भेट घेतली, ते बेट त्याने राखून ठेवलेल्या रानाचे होते. सत्तेला नमवण्याइतके बळ त्याच्यापाशी नव्हते. परंतु काय वाचवायचे हे त्याला नेमके ठाऊक होते.

आता पुन्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊ. आपल्या देवराया पाडण्याचा हुकूम कोणत्याही सरकारने काढलेला नाही. तरीही त्या विरळ होत आहेत. आणि दुःखाची गोष्ट अशी, की हे काम कित्येकदा भक्तीच्याच नावाने होते. मुंबईस चार पैसे मिळवलेल्या लेकरांना देवाचे ऋण फेडावेसे वाटते. वर्गणी जमते, जीर्णोद्धार समिती स्थापन होते. मग जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, सागवानी खांब आणि कौलांचे उतरते छप्पर जाऊन तेथे स्लॅब पडतो. अंगणाच्या मातीवर सिमेंटच्या ठोकळ्यांची फरसबंदी होते. मालमोटारीला वाट हवी म्हणून कडेचे किंजळ, ऐन, सातवीण तुटतात. मंडप मोठा हवा म्हणून वडाच्या पारंब्या छाटल्या जातात. बांधकामाचा खर्च भागावा म्हणून चार मोठी झाडे व्यापाऱ्यास दिली जातात. जुन्या वीरगळी भिंतीच्या पायात जातात. देऊळ दिमाखाने उभे राहते, कळस चढतो, महाप्रसाद होतो. परंतु ज्या सावलीत देव शेकडो वर्षे राहिला, ती सावली हरवलेली असते. जपानात सरकारने जे बळाने केले, ते येथे आपण श्रद्धेने करीत आहोत, असे म्हणावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की जुने देऊळ गळत होते, वाळवीने वासे पोखरले होते, पावसाळ्यात भाविकांनी उभे कोठे राहावे? आक्षेप रास्त आहे. कोकणातल्या पावसाने भिजलेल्या माणसाला छपराचे महत्त्व शहरात बसून शिकवण्याची गरज नाही. देऊळ बांधू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. इसेचा धडाही हाच, की देऊळ पुन्हा पुन्हा बांधावे. परंतु काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, याचा विवेक ठेवून बांधावे. भिंत पुन्हा उभी करता येते; दोनशे वर्षांचा वृक्ष पुन्हा उभा करता येत नाही. कौले नवी आणता येतात. गाऱ्हाणे म्हणणारा शेवटचा घाडी गेला की ते गाऱ्हाणे कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुन्या रीती राखायच्या म्हणजे जुनी विषमताही राखायची काय? या रचनेत काहींच्या वाट्याला मान आला आणि काहींच्या वाट्याला केवळ राबणे आले; काहींना देवळाच्या पायरीपाशीच थांबावे लागले, हे सत्य आहे. ज्यांनी ती कामे स्वाभिमानाने सोडली, त्यांना कोणीही दोष देऊ नये. मानपानाच्या भांडणांनी कित्येक गावांत ऐन जत्रेत जमावबंदीचे हुकूम लागतात आणि देव पोलिसांच्या पहाऱ्यात बसतो, हेही आपण पाहतो. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून काय ते समजावे. आमचे मत स्पष्ट आहे. रीत म्हणजे देवाची सेवा, ती राखावी. रीतीच्या आडून दुसऱ्याला खाली लेखणे ही सेवा नव्हे, ते टाकावे. शिराळ्याच्या गावपळणीत सारा गाव एकाच आभाळाखाली निजतो. ग्रामदेवतेच्या पायाशी त्याहून वेगळा न्याय असण्याचे कारण नाही. रानाची सावली कोणाला जात विचारीत नाही.

मग सणाला गावी आलेल्या श्रद्धाळू कुटुंबाने करावे तरी काय? फार मोठे काही नाही. देवळाच्या दारापर्यंत गाडी न नेता वेशीपासून चालत जावे, म्हणजे मुलांना देवाची हद्द कोठे लागते ते पायांना समजेल. गुरवाला चार प्रश्न विचारावेत: मुख्य देव कोण, परिवार कोणता, राठी कोठे बसतो, त्याचा दिवस कोणता. जाणत्या वृद्धांना बसवून गाऱ्हाणे, कौलाची रीत, वर्षाचा देवकार्याचा क्रम एका वहीत लिहून घ्यावा. ज्यांच्या हाती ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे त्यांनी आवाजही राखावा. देवराईत कोणती झाडे आहेत त्यांची नावनिशीवार यादी गावच्या शाळेतील मुलांकडून करवून घ्यावी. सातबाराच्या उताऱ्यावर त्या रानाची नोंद कशी आहे, हे गावकऱ्यांनी एकदा डोळ्यांखालून घालावे, कारण नोंद ठाऊक नसलेल्या जमिनीचा धनी केव्हा बदलतो ते कळतही नाही.

जीर्णोद्धार समित्यांनाही आमची विनंती आहे. देणगीचा पहिला भाग रानासाठी ठेवावा. एका खांबामागे निदान दहा रोपे, आणि तीही शोभेची विलायती नव्हेत, याच मातीतली. झाड तोडणे अटळ असेल तर कौल घ्यावा आणि कायद्याची परवानगीही घ्यावी. देव आणि शासन दोघांनाही विचारून केलेले काम निर्वेध होते. चिरेकाम आणि लाकूडकाम जाणणारे गवंडी-सुतार अजून या भागात आहेत. त्यांच्या हाताखाली गावातले दोन तरुण द्यावेत. सिंधुदुर्गातील अनेक देवस्थाने कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत आहेत. या समितीनेही देवळाच्या इमारतीबरोबर त्याच्या रानाची, झऱ्याची आणि रीतीची काळजी हा आपल्या कामाचा भाग मानावा, अशी अपेक्षा आम्ही व्यक्त करतो.

शिंतोच्या देशातही आज सर्व काही सुस्थितीत नाही. खेडी ओस पडत आहेत, एकेका पुजाऱ्याला अनेक देवस्थाने सांभाळावी लागतात, पालखीला खांदे कमी पडतात. आपल्याकडे चाकरमानी निदान गणपतीला, शिमग्याला, दसऱ्याला गाव भरून टाकतात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यापासून वैभववाडी रोड स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत ही ओढ दिसते. ही ओढ हेच आपले मोठे धन आहे. ती केवळ दर्शनापाशी थांबू नये, शिकण्यापर्यंत पोहोचावी.

दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. एका रानझाडाच्या पानाला सोन्याचा मान देणारी ही संस्कृती आहे. तो मान त्या पानापुरता न ठेवता त्याच्या रानालाही द्यावा, एवढेच आमचे मागणे. तरंगे शिवेवर जातील, गाऱ्हाणे होईल. त्यात यंदा देवराईचाही उच्चार व्हावा. झरा आटू नये, सावली उणी होऊ नये, गावात तंटा राहू नये, जुने ज्ञान कोणाबरोबर मातीत जाऊ नये, अशी मागणी देवापुढे मांडावी आणि गावाने एकमुखाने ‘होय महाराजा’ म्हणावे. विजयादशमीच्या निमित्ताने आमच्या वाचकांच्या घरी ग्रामदेवतेची कृपा अखंड नांदो, ही प्रार्थना.